घरच्या चित्रफिती उतरवून घेण्याविषयी
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवी वर्षातील व्याख्यान म्हटले म्हणजे संस्थापकांचे स्मरण आणि कार्याचा आढावा यांची अपेक्षा असते. ते काम ह्या मालेत माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी केलेले आहे. माझ्याकडे आलेला विषय त्या मानाने घरगुती आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेटी आणि पातळ पाकिटातल्या डिस्का संगणकाच्या फाइलींत कशा उतरवून घ्याव्या, हा तो विषय. गेली काही वर्षे आपल्यातील पुष्कळ कुटुंबांचे हे काम मी फावल्या वेळात करीत आलो आहे. त्यात जे पाहिले त्यावरून माझे असे मत झाले आहे की, दोन गोष्टी जवळजवळ एकदमच आपल्या हातून निसटू लागल्या आहेत. एक, कॅसेट चालविणारे यंत्र. दुसरी, कॅसेटीतली माणसे ओळखणारी माणसे. ह्या दोन्ही गोष्टी अजून थोड्याफार हाताशी आहेत तोवर हे काम उरकावयास हवे, एवढेच मला सांगावयाचे आहे. बाकीचा सगळा तपशील त्याच्या पोटात येतो.

व्हीएचएस ह्या पद्धतीची कॅसेट जपानातील जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. त्याच्या आदल्या वर्षी सोनीची बीटामॅक्स आली होती. पण पुढे घरोघर शिरली ती व्हीएचएसच. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच सुमारास कोणाच्या आखातातल्या मुलाने, कोणाच्या अमेरिकेतल्या जावयाने व्हीसीआर आणला. पुढची वीसेक वर्षे दांडिया बाजारातले लग्न असो की रावपुऱ्यातली मुंज, शूटिंगवाला हा भटजींइतकाच आवश्यक होऊन बसला. डोहाळेजेवण, मंगळागौर, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, सगळे त्या काळ्या डब्यांत जाऊन बसले आहे.

त्या डब्यात असते काय? अर्धा इंच रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी आणि तिच्यावर चिकट द्रव्याने बसविलेला लोहाच्या चुंबकीय भुकटीचा लेप. तीन तासांच्या कॅसेटीत ही पट्टी सुमारे अडीचशे मीटर भरते. यंत्रात एक छोटा दंडगोल मिनिटाला १५०० फेरे घेत असतो. त्याच्यावरील चुंबकीय शिरे पट्टीवर तिरप्या रेघा वाचीत जातात आणि त्या रेघांतून चित्र उमटते. ह्यात दुखणी दोन ठिकाणी उद्भवतात. भुकटी धरून ठेवणारे चिकट द्रव्य हवेतला ओलावा पिते आणि कालांतराने त्याची पकड सुटते. मग पट्टी चालविली की तिचा लेप खरवडून शिऱ्यांवर बसतो. दुसरे असे की चुंबकत्व हळूहळू क्षीण होते. चित्र फिके पडते, रंग पसरतात, पांढऱ्या ठिणग्या दिसू लागतात. कॅसेट आपण वापरली नाही म्हणून टिकली, असे समजणे चुकीचे आहे. बंद कपाटातही तिचे वय वाढतच असते.

आता यंत्राचे पाहा. जगात व्हीसीआर तयार करणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. त्याच वर्षी सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी काढणे बंद केले. तेव्हा आज जी यंत्रे चालू आहेत ती सगळी जुनी आहेत. त्यांचे रबरी पट्टे सैल पडतात, शिरे झिजतात, आणि ती दुरुस्त करणारे कारागीरही आता वयस्क झाले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत ज्या फिती उतरविल्या जाणार नाहीत त्या बहुधा कायमच्या जातील. २०१९ मध्ये युनेस्कोनेही त्याच मुदतीचा इशारा जगभर दिला. ती मुदत उलटून गेली आहे. त्या दिवशी सगळ्या कॅसेटी एकदम पुसल्या गेल्या नाहीत हे उघड आहे. परंतु त्या इशाऱ्यातले गणित खोटे नव्हते. यंत्र, सुटे भाग आणि जाणकार हात, तिन्ही दरवर्षी कमी होत आहेत.

बडोद्याच्या माणसाला ह्याचे मर्म चटकन कळावे. येथील प्राच्यविद्यामंदिरात सयाजीराव महाराजांच्या दूरदृष्टीने जमविलेली हजारो हस्तलिखिते आहेत. १९१६ साली 'काव्यमीमांसा' छापून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. ताडपत्र शतकांपूर्वीचे असले तरी ते वाचावयास डोळे, उजेड आणि लिपीचे ज्ञान पुरते. १९८८ सालची मुंजीची कॅसेट मात्र नुसती हातात धरून काहीच वाचता येत नाही. आणि येथल्याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज आपल्याला संपूर्ण पाहावयास मिळत नाही. देशाच्या पहिल्या कथापटाची ही गत, तर आपल्या घरच्या फितीकडे आपणाखेरीज कोण लक्ष देणार?

बुरशीविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण आपल्या हवेत ती फार. कॅसेटीच्या खिडकीतून पाहिले असता गुंडाळीच्या कडेवर पांढरट पिठासारखे किंवा जाळ्यासारखे काही दिसले, तर ती कॅसेट कोणत्याही कारणाने यंत्रात घालू नये. एक बुरसलेली कॅसेट यंत्राचे शिरे खराब करते, आणि मागून घातलेल्या चांगल्या कॅसेटींना तीच लागण होते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्यावी. तो पाच स्क्रू काढून डबा उघडतो, नाकातोंडाला फडके बांधून पट्टी कोरडी पुसून घेतो आणि तिच्या रिळांना नवा डबा देतो. पट्टी तुटली असेल तर तिला साधी चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक यंत्राच्या दंडगोलाला लागतो. त्यासाठी वेगळी जोडपट्टी मिळते.

विश्वामित्रीच्या २०१९ आणि २०२४ च्या पुरांत आपल्यातील काही घरांच्या तळमजल्यावरच्या पेट्या भिजल्या. पुराच्या गढूळ पाण्यात बुडालेली कॅसेट उन्हात वाळवावी असे कोणालाही वाटेल. पण तसे करू नये. चिखल एकदा पट्टीवर सुकला की तो लेप घेऊनच निघतो. स्वच्छ थंड पाण्यात ती ठेवावी आणि ओलीच असता जाणकाराकडे न्यावी. ऊन, केस वाळविण्याचे यंत्र, शेगडी, हे सर्व वर्ज्य. भिजली म्हणजे गेली असे मात्र समजू नये. स्वच्छ धुऊन सावकाश वाळविलेल्या कॅसेटी पुन्हा चाललेल्या आहेत.

आता प्रत्यक्ष उतरविण्याचे काम. ह्यात झटपट असे काही नाही. तीन तासांची कॅसेट उतरावयास तीनच तास लागतात. आधी पट्टी एकदा शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळून घ्यावी, म्हणजे तिचे ताण सारखे होतात. मग चांगल्या व्हीसीआरमधून चित्र आणि आवाज काढून तो संगणकाला जोडलेल्या एका छोट्या उपकरणाने टिपावयाचा. ह्या दोहोंमध्ये टाइम बेस करेक्टर नावाचे आणखी एक उपकरण असावे. जुन्या पट्टीतून येणारे चित्र एका तालात येत नाही. रेघा थरथरतात, संगणक मधली चित्रे गाळतो आणि शेवटाकडे वधूचे ओठ एक बोलतात व आवाज दुसरे सांगतो. हे उपकरण तो ताल सुधारते. काही व्हीसीआरांत ते आतच बसविलेले असते. दुकानदाराकडे काम देताना हा एक प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर देताना त्याचा चेहरा कोरा झाला, तर दुसरे दुकान पाहावे.

आणखी एक तांत्रिक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येते, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. जुन्या दूरदर्शन संचाला हे सोयीचे होते. संगणकाच्या पडद्यावर मात्र हालणाऱ्या माणसाच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या काढण्यासाठी पुष्कळ जण अर्धे चित्र सरळ टाकून देतात. मग फुगडीची चपळाई जाऊन ती अडखळत चालते. योग्य रीतीने केले तर दोन्ही अर्धी राखून सेकंदाला पन्नास चित्रांची फाईल होते. मूळ उतरलेली फाईल आहे तशी ठेवावी, आणि पाहण्यासाठी वेगळी प्रत करावी.

दुकानांचा विषय निघाला म्हणून सांगतो. साधारण २००० नंतरच्या दहा वर्षांत पुष्कळांनी कॅसेटी व्हीसीडीवर करून घेतल्या आणि मूळ कॅसेटी रद्दीत दिल्या. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते. म्हणजे कॅसेटीतल्या निम्म्या रेघा तेथेच गळाल्या. तेव्हा ज्यांच्याकडे अजून कॅसेट आहे त्यांनी व्हीसीडीवरून पुन्हा नक्कल करण्याच्या सोप्या मार्गाला जाऊ नये. पुन्हा कॅसेटीकडेच जावे. आणि आज उतरवून झाल्यावरही कॅसेट फेकू नये. उभी, पूर्ण गुंडाळलेली, कोरड्या जागी आणि ध्वनिवर्धकापासून दूर ठेवावी. एका परिचित कुटुंबाच्या सहा कॅसेटींवरून शहरातल्या एका दुकानदाराने सहा फाइली करून दिल्या. चार महिन्यांनी पाहतात तो दोन फाइलींत आवाजच नाही. कॅसेटी घरात होत्या म्हणून निभावले.

आवाजाचीच एक खंत आहे. त्या काळचे शूटिंगवाले लग्नाची कॅसेट 'मिक्सिंग' करून देत. वधूचा चेहरा कमळात, वराचा चेहरा पानाच्या आकारात, आणि वर सिनेमातली गाणी. आपण तेव्हा कौतुकाने पाहिले. पण त्या गाण्यांखाली काय गेले? आत्याने स्वतः रचून म्हटलेले मंगलाष्टक गेले, विहिणींची उखाण्यांची जुगलबंदी गेली, पंगतीतला आग्रह गेला. आपल्या बडोद्याची मराठी, गुजराती शब्द सहज पोटात घेतलेली, ती आजीच्या पिढीच्या तोंडी जशी होती तशी पुस्तकांत सापडत नाही. ती सापडेल तर ह्या फितींतच. म्हणून माझी सर्वांना विनंती अशी की, मिक्सिंग केलेल्या देखण्या कॅसेटीबरोबर घरात 'रॉ' असे लिहिलेली एखादी कॅसेट पडली आहे का ते पाहावे. शूटिंगवाल्याकडून कच्चे चित्रण मागून घेतलेली माणसे काही घरांत निघतात. तिच्यात कॅमेरा वेडावाकडा हलतो, मधेच कोणाची पाठ येते, पण खरे आवाज तिच्यात आहेत. घरच्या हँडीकॅमवर काढलेल्या आठ मिलिमीटरच्या छोट्या कॅसेटींचेही तसेच. त्या प्रथम उतरवाव्या, लग्नाची सजविलेली कॅसेट मागून.

मिनीडीव्ही ह्या १९९५ नंतरच्या छोट्या कॅसेटींत चित्र आधीच अंकरूपाने असते. तिचे रूपांतर नव्हे, नुसती नक्कल करावयाची. कॅमेऱ्याची फायरवायरची तार संगणकाला जोडून ती जशीच्या तशी उतरते, तासाला सुमारे १३ गिगाबाइट. अडचण एकच, त्या तारेची खाच असलेले संगणक दुर्मिळ होत चालले आहेत.

परदेशातून आलेल्या कॅसेटींचा घोटाळा पुष्कळांना माहीत नसतो. अमेरिकेतल्या मुलीने नातवाच्या बारशाची कॅसेट पाठविली ती एनटीएससी पद्धतीची असते, आपली पाल. रेघांची संख्या निराळी, चित्रांची गती निराळी. आपल्या साध्या यंत्रात ती काळी-पांढरी दिसते किंवा चित्र खालीवर धावते. ती बिघडलेली नसते. दोन्ही पद्धती चालविणारे यंत्र मिळाले की ती स्वच्छ दिसते. अशा 'खराब' म्हणून बाजूला टाकलेल्या कॅसेटी पुन्हा काढून पाहाव्या.

डिस्कांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, पण त्या टिकाऊ आहेत हा समज सोडावा. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या डिस्केत सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन आणि उष्णता यांनी तो उतरतो. वर चिकटविलेले कागदी लेबल ओढून काढू नये, त्याबरोबर चकाकणारा थरही निघू शकतो. एका संगणकात न चालणारी डिस्क दुसऱ्यात चालते, म्हणून चार ठिकाणी प्रयत्न करावा. डीव्हीडीतील सर्व फाइली आहेत तशा उतरवून घ्याव्या.

फाइली झाल्या म्हणजे काम संपले असे नव्हे. पेन ड्राइव्हवर ठेवून तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तर त्यातील मजकूर जाऊ शकतो. तीन प्रती कराव्या, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. आपल्यातील बहुतेकांची मुले पुण्याला, बंगलोरला किंवा समुद्रापलीकडे आहेत, तेव्हा दुसऱ्या गावची अडचण पडू नये. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, प्रत्येक हार्ड डिस्क जोडून फाइली उघडतात का ते पाहावे. आणि व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठविलेली प्रत ही मूळ प्रत समजू नये. वाटेत ती बारीक होऊन जाते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो त्याकडे वळतो. उतरविलेल्या फाइली घेऊन जाताना मंडळी विचारतात, चित्र स्वच्छ आले का? मी उलट विचारतो, ह्यात दिसणाऱ्यांपैकी किती जणांची नावे तुम्ही सांगाल? पस्तीस वर्षांपूर्वीच्या मुंजीत दीडदोनशे माणसे दिसतात. यजमानाचा मुलगा, म्हणजे ज्याची मुंज झाली तोच, त्यांतील वीसपंचवीस ओळखतो. त्याची ऐंशी वर्षांची आई शंभर ओळखते, आणि नुसती नावे नव्हे. हा आमच्या सासूबाईंचा मावसभाऊ, ग्वाल्हेरहून आला होता, ही त्याची दुसरी बायको, हा स्वयंपाकी कोणाच्या घरचा, ती नऊवारीतली बाई त्यानंतर सहाच महिन्यांत गेली. हे कोणत्याही पट्टीवर नोंदलेले नाही. हे त्या माउलीबरोबर जाईल, आणि मागे राहील ती अनोळखी माणसांची स्वच्छ, रंगीत, निरुपयोगी गर्दी.

म्हणून माझी रीत अशी आहे. फाईल तयार झाली की घरातल्या सर्वांत वडील माणसाला आरामखुर्चीत बसवावे, चित्र पडद्यावर लावावे आणि शेजारी भ्रमणध्वनी ठेवून ते जे बोलतील ते ध्वनिमुद्रित करावे. मधे थांबवून विचारावे, हे कोण? ओळखू आले नाही तर पुढे जावे, त्यांना शिणवू नये. एका बैठकीत अर्धा तास पुरे. मग कोणी नातवंडाने त्यावरून साधी यादी करावी : अमुक मिनिटाला, डावीकडून पहिले कोण, दुसरे कोण. ही यादी आणि तो आवाज चित्राच्या फाइलीशेजारीच ठेवावा. फाइलीच्या नावात आधी साल, मग महिना, मग प्रसंग, मग घराणे व गाव लिहावे, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. 'नवीन व्हिडिओ ३' असे नाव असलेली फाईल दहा वर्षांनी कोणीही उघडणार नाही.

एका घरी आजोबांना स्मृतिभ्रंश झाला होता. सून म्हणाली, त्यांना दाखवून काय उपयोग, ते आम्हालाही ओळखत नाहीत. तरी बसविले. स्वतःच्या मुलाच्या लग्नाची फीत पाहताना त्यांनी सात माणसांची नावे घेतली, ती सातही बरोबर निघाली. आठवे नाव त्यांनी घेतले ते कोणाचे हे घरात कोणालाच माहीत नव्हते. पुढे अहिल्यानगरच्या एका चुलत बहिणीने सांगितले की त्यांचा शाळेतला मित्र.

एक नाजूक गोष्ट राहिली. फितीत सगळेच सुखाचे नसते. मोडलेले लग्न असते, ज्याच्याशी वाद कोर्टात गेला तो भाऊ हसत पंगत वाढताना असतो, न्हाऊ घालताना काढलेले बाळ असते, ते आज चाळिशीचे गृहस्थ आहेत. कुटुंबापुरती प्रत ठेवणे निराळे आणि ती आंतरजालावर चढविणे निराळे. एकदा ती तेथे गेली की परत घेता येत नाही. ज्यांचे चेहरे ठळक आहेत त्यांना, निदान जे हयात आहेत त्यांना, विचारल्याशिवाय ती सार्वजनिक करू नये असे मला स्पष्टपणे वाटते. आणि दुखणारा भाग आहे म्हणून मूळ फाइलीतून तो कापूनही टाकू नये. दाखवावयाच्या प्रतीतून वगळावा, मूळ शाबूत राहू द्यावी.

विश्वस्त मंडळींनी पुढाकार घेऊन न्यासाच्या खोलीत दोन चालू व्हीसीआर, एक आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणि संगणक यांची जोडणी करून दिली आहे. पाल आणि एनटीएससी दोन्ही चालतात. फाइली त्या त्या कुटुंबाच्याच राहतील. लेखी संमती असेल तरच न्यास आपल्याजवळ एक प्रत ठेवील. आलेल्या क्रमाने काम न करता, ज्या घरात ऐंशीच्या पुढचे माणूस आहे त्या घरची कॅसेट आधी घ्यावयाची असे आम्ही ठरविले आहे. बाकीच्यांनी थोडा विलंब झाला तर राग मानू नये. रविवारी सकाळी दहा ते एक मी स्वतः तेथे असतो. येताना कॅसेट पिशवीत घालून आणावी, घरी चालवून पाहू नये, आणि जिना चढणे जमत असेल तर आजी-आजोबांनाही बरोबर आणावे. खोलीत खुर्च्या आहेत, पंखा आहे. जिना जमत नसेल तर कळवावे, आम्ही संगणक घेऊन घरी येऊ.